घरची उपासना कशी टिकते आणि कशाने मोडते

रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी असे बहुतेक ख्रिस्ती विश्वासी घरांना मनापासून वाटते. सुरुवातही होते. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात एक-दोन दिवस सुटतात आणि महिना भरायच्या आत बायबल परत कपाटात जाते. मग घरातले मोठे स्वतःला दोष देत बसतात की आपला विश्वासच कमी पडला. विश्वास कमी पडल्यामुळे उपासना बंद पडते असे फार क्वचित होते. बहुतेक वेळा बेतच चुकलेला असतो: वेळ जास्त, शास्त्रभाग लांबलचक, बोलणारा माणूस एकच, आणि घरातली भांडणे न मिटवता तशीच प्रार्थनेला आणलेली. यातले शेवटचे कारण सगळ्यांत जड आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी वेळेचे बघू. बारा मिनिटे धरा. कमी वाटतात, पण हिशेब करा. आठवड्यातून 6 दिवस, वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 62 तासांहून थोडे जास्त होतात. दर रविवारी तासभर संडे स्कूल एकदाही न चुकवता केले तरी मुलाच्या वाट्याला 52 तासच येतात. संडे स्कूल तशी अलीकडचीच गोष्ट आहे. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे रॉबर्ट रेक्सने कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तिथून ती जगभर पसरली. त्याआधी कितीतरी शतके मुलांना वचन शिकवायची पहिली जागा घर हीच होती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर मंदिराचे नावही नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी या वचनांविषयी बोला, असे तिथे आईबापांना सांगितले आहे.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सवय उपयोगी पडते. “रात्री साडेआठला” असे ठरवले की कुणीतरी बाहेर असतो, कुणाचा अभ्यास राहिलेला असतो. त्याऐवजी घरात रोज आपोआप होणाऱ्या एखाद्या गोष्टीला उपासना बांधा. जेवण संपल्यावर, ताटे उचलायच्या आधी, ही जागा बहुतेक घरांत जमते, कारण सगळे आधीच एकत्र बसलेले असतात. ताटे एकदा उचलली की माणसे पांगतात आणि पुन्हा गोळा करायला हाका माराव्या लागतात. त्या हाकांमध्येच निम्मी उपासना कडू होते. झोपायची वेळ ठेवू नका. लहान मुले पेंगतात आणि मोठे वैतागलेले असतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वाचन छापील बायबलमधून करा. फोनवर वाचता वाचता वरून एक निरोप सरकतो, आणि वाचणाऱ्याची नजर तिकडे गेलेली मुलांना बरोबर दिसते.

बारा मिनिटांची वाटणी साधारण अशी: गाण्याचे एकच कडवे, दोन मिनिटे. वाचन तीन मिनिटे. बोलणे तीन-चार मिनिटे. प्रार्थना तीन मिनिटे. एखाद्या दिवशी बोलणे रंगले तर रंगू द्या, पण मोठ्यांनी मुद्दाम लांबवू नये. मुलाला “अजून हवे होते” असे वाटताना थांबलात तर उद्या तो स्वतःहून बसेल.

वाचायला काय घ्यायचे, इथे पुष्कळ घरे फसतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करून सरळ पुढे जायचे असा संकल्प होतो. उत्पत्ती छान जाते, दुसऱ्या पुस्तकातला, निर्गमातला, तांबडा समुद्रही जातो, आणि पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे सुरू झाली की गाडी रुतते. त्यातून निघालात तरी पुढे लेवीय या पुस्तकाचे 27 अध्याय उभे असतात. ते देवाचे वचनच आहे, पण जेवणाच्या ताटावर समजावून सांगायला तयारी लागते. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेपासून करा. 16 अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचने. रोज बारा-तेरा वचने घेतली तर पन्नास-पंचावन्न दिवसांत एक शुभवर्तमान पूर्ण होते, आणि घराने मिळून एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले याचा आनंद पुढच्या पुस्तकाला बळ देतो. नाताळच्या आधी लूक घेण्याची पद्धत चांगली आहे: 24 अध्याय, 1 डिसेंबरपासून रोज एक, 24 तारखेला पुरे. फक्त हे लक्षात ठेवा की लूकचा पहिलाच अध्याय 80 वचनांचा आहे. पहिल्याच संध्याकाळी तो सगळा वाचायला घेतलात तर दुसऱ्या संध्याकाळी मुले बसणार नाहीत. त्याचे तीन तुकडे करा आणि नोव्हेंबर संपता संपता सुरुवात करा.

अगदी लहान मुले असतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र 136 घ्या. 26 वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी “त्याची दया सनातन आहे” हे पालुपद येते. मोठ्याने अर्धे वचन वाचायचे, मुलांनी पालुपद म्हणायचे. वाचता न येणारे चार वर्षांचे मूलही पहिल्याच दिवशी उपासनेत पूर्ण भाग घेते. स्तोत्र 119 मात्र एका बैठकीत घेऊ नका. त्याची 176 वचने आठ-आठांच्या 22 भागांत आहेत, रोज एक भाग पुरतो.

वाचन सगळ्यांमध्ये वाटा. नुकते वाचायला लागलेल्या मुलाला एकच वचन द्या, आणि ते त्याला दुपारीच दाखवून ठेवा. संध्याकाळी तो अडखळला तर लगेच दुरुस्त करू नका. बोट ओळीवर ठेवून तो थांबतो, ओठ हलवतो, पुन्हा प्रयत्न करतो. त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले की मगच शब्द सांगा. आधी सांगितलात तर त्याच्या लेखी ते वाचन तुमचे होते, त्याचे राहत नाही.

वाचल्यावर “यातून तुला काय शिकायला मिळाले?” हा प्रश्न टाळाच. मुलांना त्याचे उत्तर पाठ असते: चांगले वागावे, खोटे बोलू नये. शास्त्रभाग कोणताही असो, उत्तर तेच. त्याऐवजी भागातच जे आहे ते विचारा. मार्क 4:35 ते 41 घ्या, वादळ शांत करण्याचा प्रसंग. येशू होडीत कुठे होता? मागच्या बाजूला, उशीवर डोके ठेवून झोपला होता. ही उशी फक्त मार्कात आहे. मत्तय आणि लूक हा प्रसंग सांगतात, पण उशीचा उल्लेख करत नाहीत. त्याच्याबरोबर आणखी कोण होते? दुसऱ्याही होड्या होत्या असे छत्तिसावे वचन सांगते, आणि मुले हमखास विचारतात की त्यांचे काय झाले. खरा प्रश्न मग विचारा: शिष्य जास्त कधी घाबरले, वादळ चालू असताना की थांबल्यावर? शेवटचे वचन पुन्हा वाचायला लावा. समुद्र निवांत झाल्यावर ते अतिशय घाबरले, असे तिथे आहे. वाऱ्याला गप्प करणारा हा आहे तरी कोण, ही ती भीती. आठ-नऊ वर्षांचे मूल हे स्वतः शोधून काढते, आणि स्वतः शोधलेले विसरत नाही.

वचनावरून प्रार्थनेकडे वळायला एक जुनी रीत फार उपयोगी आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या न्हाव्याने, पेटरने, प्रार्थना कशी करावी असे त्याला विचारले, तेव्हा लूथरने 1535 मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहून दिली. त्यात तो दहा आज्ञांतल्या एकेका आज्ञेचा चार पदरी गोफ विणायला सांगतो: ही मला काय शिकवते, यासाठी मी कशाचे आभार मानू, यात मी कुठे चुकलो, आणि आता देवाजवळ काय मागू. हे चार पदर चौघांना वाटून द्या. वादळाच्या भागावर एक जण म्हणेल, प्रभू, वाराही तुझे ऐकतो. दुसरा आभार मानेल की झोपलेला येशूही होडीतच होता. तिसरा कबूल करेल की परीक्षेच्या भीतीने मी घरात सगळ्यांवर ओरडलो. चौथा मागेल. दोन-तीन वाक्ये प्रत्येकी, बस. ज्यांना मोठ्याने प्रार्थना करायचा संकोच वाटतो त्यांना “प्रार्थना कर” म्हटल्यावर काही सुचत नाही, पण “तू आभार मान” म्हटल्यावर सुचते.

आता उपासना विषारी करणारी गोष्ट. प्रार्थनेतून बोलणी ऐकवणे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि वडील म्हणतात, “हे प्रभू, आमच्या मुलाला आज्ञाधारक कर, वाईट संगतीपासून सोडव, त्याला अभ्यासाची बुद्धी दे.” शब्द सगळे पवित्र. पण मुलाला कळते की हे वर जात नाहीये, त्याच्याकडेच येते आहे. आणि त्याला उत्तरही देता येत नाही, कारण डोळे मिटून आमेन म्हणायचे असते. बायका नवऱ्यांना आणि नवरे बायकांना असेच ऐकवतात. हे बंद झालेच पाहिजे. उपाय साधा आहे. समोर बसलेल्या माणसाच्या दोषाबद्दल सगळ्यांसमोर प्रार्थना करायची नाही. त्याच्यासाठी काय मागू हे त्यालाच विचारायचे आणि त्याने सांगितले तेवढेच मागायचे. दोषाबद्दल बोलायचे असेल तर त्याच्याशी एकट्याशी, डोळे उघडे ठेवून बोला. प्रेषित पौल इफिसकरांस पत्र लिहिताना बापांनाच सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, आणि कलस्सैकरांस लिहिताना त्याचे कारणही देतो: ती खिन्न होतात, त्यांची उमेद जाते. उपासनेच्या वेळी खिन्न झालेले मूल पुढे उपासनेलाच खिन्नतेचे नाव देते.

मंडळीतही, म्हणजे चर्चच्या समुदायातही, याचाच भाऊबंद आहे. “प्रार्थनेचा विषय” म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चार जणांना सांगणे. ज्याची अडचण आहे त्याची परवानगी नसेल तर नाव आणि तपशील दोन्ही सांगू नका. देवाला पत्ता माहीत असतो. घरात प्रार्थनेची वही ठेवली तर हाच नियम तिलाही लावा. वहीत तीन रकाने पुरतात: तारीख, मागणे, पुढे काय झाले. तिसऱ्या रकान्यात “नाही” आणि “अजून वाट पाहत आहोत” हेही प्रामाणिकपणे लिहा. फक्त मिळालेलीच उत्तरे लिहिणाऱ्या घरातल्या मुलांचा पहिल्या न मिळालेल्या उत्तराला विश्वास हलतो. तेराव्या स्तोत्रात “कोठवर” असा प्रश्न चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. तरी दोन्ही प्रार्थनाच आहेत.

भांडणांकडे येऊ. मत्तय 5:23 आणि 24 मध्ये येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या. लक्षात घ्या, आपल्या मनात काही आहे असे तो म्हणत नाही, त्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना सरळ बजावले आहे की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा होईल. म्हणजे नवराबायको दुपारपासून एकमेकांशी बोलत नसतील आणि संध्याकाळी सुरात गात असतील, तर मुले जे शिकतात ते गाण्याच्या अगदी उलट असते.

अशा दिवशी उपासना रद्द करू नका, पण समेट तिच्या आधी करा. माफी मागण्याचीही एक पद्धत असते. काय केले ते नाव घेऊन सांगा: “मी सगळ्यांसमोर तुझा अपमान केला.” त्यापुढे “पण” नको. “पण तूही तर” आले की माफी संपली आणि खटला सुरू झाला. “तुला वाईट वाटले असेल तर” हेही नको, कारण त्यात दोष समोरच्याच्या भावनेवर जातो. मग “मला क्षमा करशील का?” असा प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. समोरच्याने “असू दे, विसर” म्हटले तर ते चालवून घेऊ नका, कारण त्यात गोष्ट झाकली जाते, मिटत नाही. “क्षमा केली” हे शब्द तोंडाने उच्चारायला जड जातात, म्हणूनच ते उच्चारावेत. आणि हे मुलांसमोर झालेल्या भांडणाबद्दल असेल तर माफीही मुलांसमोरच व्हावी. आईबापांनी मुलाची माफी मागितल्याने त्यांचा मान जातो ही भीती निराधार आहे. आपले वडील चुकले की कबूल करतात हे पाहिलेल्या मुलाला पश्चात्ताप म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या रविवारी तर हे टाळताच येत नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात इतके कडक लिहिले ते याचसाठी: एक जण भुकेला राहत होता, दुसरा पिऊन तर्र होत होता, आणि दोघे एकाच मेजाला प्रभूचे मेज म्हणत होते. आत्मपरीक्षण शनिवारी संध्याकाळी करा. रविवारी सकाळी कपड्यांची घाई असते. घरात नवे भांडण होते तेही नेमके त्याच घाईत. कपडे, बायबल, अर्पणाचे पैसे शनिवारीच काढून ठेवले की त्यातले निम्मे टळते. अर्पण आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, असे पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. मुलांच्या हातात दानपात्रापाशी ऐनवेळी नाणे कोंबण्यापेक्षा त्यांच्या खाऊच्या पैशांतून त्यांनाच ते आधी बाजूला काढू द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल, मुलाचा किंवा कुणाचाही गैरवापर होत असेल, तर “क्षमा कर आणि गप्प राहा” हा सल्ला पवित्र शास्त्राचा नाही. चुकलेल्या भावाला समजावण्याची मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पहिली पायरी, म्हणजे एकट्याने जाऊन बोलणे, मार खाणाऱ्याला मारणाऱ्याकडे परत पाठवण्यासाठी वापरू नये. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, कायद्याची मदत घ्या. पाळकांनी आणि वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी आणि पुढाऱ्यांनी, अशा वेळी कुटुंबाची अब्रू झाकत बसू नये. तसे केले तर मारणाऱ्याच्या पाठीशी मंडळी उभी राहते.

मंडळीच्या कामामुळे घर मोडते असेही घडते, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सोमवारी गायनाचा सराव, बुधवारी प्रार्थनासभा, गुरुवारी समिती, शनिवारी तरुणसंघ. सगळे प्रभूचेच काम, आणि घरातली म्हातारी आई चारही संध्याकाळी एकटी. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू “कुर्बान” या सबबीवर रागावतो: आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, असे म्हणून लोक त्यांना हात हलवत ठेवत होते. पैशांचे जे खरे ते संध्याकाळचेही खरे. मंडळीत जबाबदारी घेणाऱ्याने आठवड्यातल्या किती संध्याकाळी घराबाहेर घालवतो ते एकदा कागदावर मांडावे, आणि दोनांहून जास्त निघाल्या तर काहीतरी सोडावे. दोन हा आकडा शास्त्रातला नाही, माझे मत आहे. पण पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रश्न शास्त्रातलाच आहे: ज्याला स्वतःचे घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळेल?

जोडीदार विश्वासात नसेल तर उपासना त्याच्यावर लादू नका आणि त्याच्यापासून लपवूही नका. मुलांबरोबर बसा, आवाज नेहमीसारखा ठेवा, त्याला यावेसे वाटले तर जागा असू द्या. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे वडील ग्रीक होते, आणि पौल त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजी लोईस आणि आई युनीके या दोघींचीच नावे घेतो. वयात आलेला मुलगा किंवा मुलगी “मला हे पटत नाही” म्हणाली तर बसायला सांगा, पण प्रार्थना करायची सक्ती करू नका. तिचा प्रश्न वहीत लिहा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि पाळकांना विचारून आठवड्याच्या आत परत या. तेवढा आठवडा पाळलात तर ती पुढचा प्रश्नही तुम्हालाच विचारेल.

उपासना मध्येच मोडणारच. आजारपण, पाहुणे, परीक्षा, प्रवास. चार दिवस किंवा चार महिने खंड पडला तरी राहिलेले भाग भरून काढायला बसू नका. ते ओझे दुसऱ्याच दिवशी पाठीवरून टाकले जाते. कुणामुळे मोडली हे शोधत बसू नका. आज रात्री ताटे उचलायच्या आधी बायबल उघडा, स्तोत्र 13 वाचा, सहाच वचने आहेत. मग सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. शेवटी गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद, 24 ते 26 ही तीन वचने, प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या नावाने उच्चारा. सगळे मिळून चार मिनिटे लागतात. उद्या मार्क, पहिला अध्याय, पहिली तेरा वचने.